पुढची गाडी कान्हातून निघण्यापूर्वी

१९७० साली कान्हाच्या जंगलात बारशिंगे मोजले, तेव्हा ते ६६ भरले. कठीण जमिनीवर राहणाऱ्या या उपजातीचा दुसरा रानटी कळप तेव्हा जगात कुठेही उरला नव्हता. त्याच्या तीसेक वर्षे आधी याच मुलखात ते हजारोंनी होते, असे जुने अंदाज सांगतात. आज मध्य प्रदेशात त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. तो त्या राज्याचा राज्यप्राणी आहे, आणि कान्हा व्याघ्र प्रकल्पाने आपले बोधचिन्ह निवडताना वाघ सोडून 'भूरसिंग' नावाचा बारशिंगा निवडला. भारतात वन्यजीव वाचवण्याचे जे थोडे प्रयत्न पुरते फळाला आले, त्यांत याची जागा फार वरची आहे. कुरणांत पावसापाण्यात गस्त घालणाऱ्या वनरक्षकांपासून क्षेत्रसंचालकांपर्यंत ज्यांनी हे केले, त्यांचे ऋण आधी मानायला हवे.

पण त्या आकड्यात एक गोष्ट दिसत नाही. आजचा प्रत्येक बारशिंगा त्या साठ-सत्तर जनावरांचा वंशज आहे, आणि आता या वंशजांमधूनच थोडीथोडी जनावरे उचलून आपण नवे कळप वसवतो आहोत. २०१५मध्ये सातपुड्यात आणि भोपाळच्या वनविहारात बारशिंगे नेले, २०२३मध्ये बांधवगडला. पुढे आणखी जागा शोधल्या जातील, शोधायलाच हव्यात. एका जंगलात लाळ-खुरकुतासारखी साथ शिरली आणि सगळी उपजातच धोक्यात आली, असे होता कामा नये. माझे म्हणणे असे आहे की, कान्हातून यापुढे जी गाडी निघेल, तिच्यातल्या जनावरांचा जीनोम, म्हणजे त्यांच्या डीएनएचा अख्खा मजकूर, वाचणे हा त्या कामाचा सक्तीचा भाग असावा, जशी आज आरोग्यतपासणी असते. प्रयोगशाळेत शोधनिबंध लिहिला जातो तो वेगळा, आणि त्यातला निष्कर्ष स्थलांतराच्या फायलीला जोडला जाऊन निर्णय बदलतो ते वेगळे. मी या दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतो आहे.

बारशिंग्याच्या तीन उपजाती मानल्या जातात. एक तराईतली, दुधव्यात आणि नेपाळच्या शुक्लाफांट्यात आढळणारी. दुसरी आसामातली, मुख्यतः काझीरंग्यातली. तिसरी ही मध्य भारतातली. तराईतला बारशिंगा दलदलीत वावरतो, चिखलात रुतू नयेत असे त्याचे खूर पसरट असतात. कान्हातला सालवनांच्या मधल्या कोरड्या कुरणांत चरतो, त्याचे खूर आटोपशीर आणि टणक. मध्य प्रांतात वनाधिकारी असलेल्या डन्बार ब्रँडर यांचे नाव या उपजातीला १९४३मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी दिले. आसामच्या उपजातीला एम. के. रणजितसिंह यांचे नाव आहे. हेच रणजितसिंह एकेकाळी मंडल्याचे जिल्हाधिकारी होते आणि कान्हाचा बारशिंगा वाचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. जुन्या काळी हा प्राणी गंगेपासून गोदावरीपर्यंत ठिकठिकाणी विखुरलेला होता, म्हणजे आपल्या विदर्भाला खेटून असलेला सगळा वनप्रदेश त्याच्या मुलखात येत होता.

भारतीय वन्यजीव संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७मध्ये मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आणि पेशीकेंद्रातल्या डीएनएवरच्या काही ठरावीक जागा, म्हणजे खुणा, तपासून दाखवले की, या तीन उपजाती जनुकीयदृष्ट्याही वेगळ्या आहेत आणि त्यांच्यात देवाणघेवाण फार थोडी झालेली आहे. याचा व्यवहारातला अर्थ कठोर आहे. कान्हाच्या वंशात जे हरवले आहे, ते दुधव्यातून चार जनावरे आणून सहज भरून काढता येणार नाही. जे काही शिल्लक आहे ते कान्हातच, आणि कान्हातून गेलेल्या कळपांत.

मग शिल्लक आहे तरी काय? गणती याचे उत्तर देऊ शकत नाही. बारशिंग्याच्या माजाच्या हंगामात कळपातले थोडे वरचढ नरच बहुतेक माद्यांशी जुगतात. त्यामुळे ६६ जनावरे म्हणजे ६६ जनावरांचे रक्त पुढे गेले, असे होत नाही. ज्यांचे रक्त खरोखर पुढे जाते, त्यांच्या हिशेबाने येणाऱ्या संख्येला लोकसंख्या-जनुकशास्त्रात परिणामकारक संख्या म्हणतात, आणि ती मोजलेल्या संख्येपेक्षा बहुधा बरीच कमी असते. दर पिढीला जनुकीय वैविध्याचा किती हिस्सा झडतो, याचे गणित सोपे आहे: एक भागिले परिणामकारक संख्येची दुप्पट. ही संख्या उदाहरणादाखल १५ धरली, तर दर पिढीला तीन टक्क्यांहून थोडे जास्त वैविध्य जाते. एका पिढीत हे फार वाटत नाही. पण कान्हाचा कळप काही एका पिढीत सावरला नाही, तो बराच काळ लहानच राहिला. शिवाय जे जनुकप्रकार मुळातच विरळ होते, ते पहिल्याच घसरणीत गेले असणार. पुढे संख्या पन्नास पट झाली तरी ते परत येत नाहीत. एकाच कणसाच्या दाण्यांनी शंभर एकर ज्वारी पेरली म्हणून वाणांची संख्या वाढत नाही, तसेच हे आहे. नवे वैविध्य उत्परिवर्तनांतून तयार होते खरे, पण त्याला लागणारा काळ आपल्या कुठल्याही योजनेच्या मुदतीत बसणारा नाही.

आता कुणी म्हणेल, वैविध्य कमी आहे हे तर जुन्या, स्वस्त खुणांवरूनही कळते, मग अख्खा जीनोम कशाला? दहा-वीस खुणा तपासल्या तर सरासरी कळते, जीनोम वाचला तर जागा कळते. हरणाच्या जीनोममध्ये अडीच-तीन अब्ज अक्षरे असतात. आईकडून आणि बापाकडून आलेले गुणसूत्रांचे तुकडे जिथे लांबच्या लांब एकसारखे सापडतात, तिथे आईबाप जवळचे नातलग होते हे उघड होते. त्या तुकड्यांच्या लांबीवरून हे नाते अलीकडचे की दूरच्या पिढ्यांतले, हेही सांगता येते. त्या तुकड्यांत घातक बदल दडले आहेत का, रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांत किती प्रकार उरले आहेत, हे पाहता येते. साथीच्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सगळ्या कळपाची प्रतिकारशक्ती एकाच साच्याची असेल, तर एका रोगजंतूला सगळेच एकदम बळी पडू शकतात.

वाघांच्या बाबतीत हे काम आपल्याच देशात झालेले आहे, म्हणून ते हवेतले मानायचे कारण नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात उमा रामकृष्णन यांच्या गटाने २०२१मध्ये ओडिशातल्या सिमिलीपालच्या काळसर पट्ट्यांच्या वाघांमागचे एका जनुकातले उत्परिवर्तन शोधून काढले. लहान, एकाकी पडलेल्या कळपात एक विरळ बदल कसा पसरतो, ते त्यातून दिसले. त्याच वर्षी त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात रणथंबोरच्या वाघांवर अंतःप्रजननाचे, म्हणजे नात्यातल्या नात्यात होणाऱ्या प्रजननाचे, ओझे दिसले. पण त्याबरोबर फार घातक बदलांपैकी काही तिथे गाळले गेल्याच्याही खुणा दिसल्या. ही दुसरी बाब नीट लक्षात घ्यावी. लहान कळपाला बाहेरचे रक्त दिले की भलेच होते, असे आपण धरून चालतो. फ्लोरिडातल्या पँथरांच्या बाबतीत तसे झालेही. १९९५मध्ये टेक्सासहून आठ माद्या आणल्यावर तिथल्या पिलांतले वाकड्या शेपटीसारखे दोष कमी झाले आणि संख्या वाढली. पण मोठ्या कळपात दबून राहिलेले घातक बदल बाहेरून आलेल्या जनावरांबरोबर लहान कळपात शिरूही शकतात. कुठल्या बाबतीत काय होईल, हे जीनोम न वाचता सांगणे म्हणजे अंदाजाने औषध देणे.

बारशिंग्याच्या बाबतीत हा प्रश्न आज ना उद्या येणारच. पन्नास वर्षांनी का होईना, कुणीतरी विचारेल, तराईतला नर आणून कान्हाच्या माद्यांशी जुळवू या का? माझा कल आज 'नको'कडे आहे. खूर, चरण्याची जागा, माजाचा काळ, या सगळ्यांत हजारो वर्षांचे जुळवून घेणे असते, ते एका संकरात विस्कटू शकते. हरणांच्या कुळात गुणसूत्रांची गंमत अशी की, बाहेरून सारखे दिसणारे आतून फार वेगळे असू शकतात. आपल्या सह्याद्रीत भुंकणारे भेकर घ्या. त्याच्या मादीत फक्त सहा गुणसूत्रे असतात, नरात सात, आणि सस्तन प्राण्यांत याहून कमी कुणाचीच नोंदलेली नाहीत. चीनमधल्या त्याच्याच जवळच्या नातलगात ती शेहेचाळीस आहेत. बारशिंग्याच्या उपजातींत एवढा फरक असेल असे मला अजिबात वाटत नाही. पण असल्या कुळात संकराचा निर्णय गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जोडलेल्या जीनोमशिवाय घेऊ नये, एवढे तरी त्यावरून शिकावे.

तो निर्णय दूरचा आहे. जवळचा निर्णय बोम्याचा आहे. बोमा ही आफ्रिकेतून आलेली पद्धत: कुरणाच्या एका बाजूला नरसाळ्याच्या आकाराचे पडद्यांचे कुंपण उभारायचे, जनावरांना हळूहळू त्याच्या निमुळत्या टोकाकडे आणायचे आणि थेट गाडीत चढवायचे. यात बेशुद्धीचे इंजेक्शन लागत नाही, हाताळणी कमी होते, जनावर दगावण्याचा धोका घटतो. फारच चांगली पद्धत आहे. पण बोम्यात येते ती एकत्र चरणारी टोळी, आणि एकत्र चरणाऱ्या माद्या बऱ्याचदा एकमेकींच्या नात्यातल्या असू शकतात. समजा गाडीत पंधरा जनावरे चढली आणि त्यांत दोन माता, त्यांच्या लेकी आणि त्यांच्यावर चढलेला एकच नर असेल, तर नव्या जंगलात कागदावर पंधरा पोचले आणि रक्ताच्या हिशेबाने चार-पाचच. ६६च्या घसरणीतून वाचलेल्या वंशाला आपण आपल्या हाताने दुसऱ्यांदा तसल्याच अरुंद वाटेतून ढकलू.

इथे वनखात्याचा माणूस रास्त आक्षेप घेईल: बोम्यात जनावर निवडून घेता येत नाही, जे येईल ते येते. खरे आहे. म्हणून निवड टोळीच्या पातळीवर करावी लागेल. कान्हा, सोंफ, मुक्की, सुपखार, या भागांतल्या कळपांच्या ताज्या लेंड्या आणि हंगामात गळून पडलेली शिंगे आधीच गोळा करता येतात. त्यातून मिळणारा डीएनए कमअस्सल असला तरी नातेसंबंध आणि कळपांमधला फरक कळण्याइतका पुरेसा असतो, मात्र ताडून पाहायला याच उपजातीचा एक उत्तम, संपूर्ण संदर्भ-जीनोम, म्हणजे तुलनेसाठी नमुना म्हणून वाचून ठेवलेला जीनोम, हाताशी हवा. पहिल्या गाडीत एका कुरणातली टोळी गेली, तर दुसरी गाडी दुसऱ्या कुरणातून, आणि ती दुसरी कोणती, हे नकाशावरच्या अंतरावरून न ठरवता वंशावरून ठरवायचे. गाडीत चढलेल्या जनावरांचे रक्ताचे नमुने तर आरोग्यतपासणीत घेता येतात. त्यातला थोडा भाग जीनोमसाठी ठेवायचा. काम वाढेल, पण अशक्य असे यात काही नाही. हैदराबादला पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्राची लॅकोन्स ही प्रयोगशाळा संकटातल्या प्राण्यांसाठीच उभी केलेली आहे. डेहराडूनला वन्यजीव संस्था आहे. पहिला मानवी जीनोम वाचायला अब्जावधी डॉलर लागले होते, आज एका माणसाचा हजार डॉलरच्या आत वाचून होतो. हरणाचा त्याहून फार महाग पडायचे कारण नाही. पैशाच्या मुद्द्यावर याहून जास्त बोलण्याची गरज मला वाटत नाही.

ज्या गोष्टीवर फारसे बोलले जात नाही, ती भिंतींवर टांगलेली आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात मध्य प्रांतात साहेबांनी, राजेरजवाड्यांनी, मालगुजारांनी बारशिंगे मारले आणि त्यांची शिंगे, कवट्या दिवाणखान्यांत लावल्या. त्या प्रांताची राजधानी नागपूर होती, मंडला आणि बालाघाटचा कारभार तिथून चालायचा. तेव्हा ही शिंगे नागपूर-भंडाऱ्याच्या वाड्यांत, जबलपूर-रायपूरच्या बंगल्यांत, इंग्लंडमधल्या घरांत आणि संग्रहालयांत पोचली असणार, हे उघड आहे. नागपूरचा अजब बंगला, मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, लंडनचे निसर्गेतिहास संग्रहालय, अशा संस्थांनी आपली कपाटे या दृष्टीने एकदा तपासावीत. शिंगाच्या बुडातून किंवा कवटीच्या हाडातून चिमूटभर भुकटी काढली तरी डीएनए मिळण्याची शक्यता असते. आपल्या उष्ण हवेत तो तुटतो, टिकवणीसाठी लावलेल्या रसायनांनी बिघडतो, नमुने वाया जातात. तरी शंभरातले वीस साधले तरी घसरणीच्या आधीचा बारशिंगा कसा होता, हे आपल्याला प्रत्यक्ष वाचता येईल. मग 'वैविध्य कमी आहे' असे मोघम न म्हणता, कोणते प्रकार गेले आणि कोणते अजून कान्हाच्या एखाद्या कोपऱ्यातल्या कळपात तग धरून आहेत, हे बोट ठेवून सांगता येईल. तो कोपरा राखणे हे मग आपले पहिले काम ठरेल.

यात कायद्याची एक अडचण आहे आणि ती सोडवण्यासारखी आहे. १९७२च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अशा ट्रॉफींची नोंद करणे बंधनकारक होते. २००३मध्ये नोंद राहून गेलेल्यांना ती जाहीर करण्यासाठी मुदतही दिली होती. तरी आजोबांच्या वेळची शिंगे घरात असलेली किती कुटुंबे गप्प आहेत, ते वन्यजीवांशी संबंध असलेल्या कुणालाही विचारावे. त्यांना भीती आहे ती जप्तीची आणि खटल्याची. शिकारीचा व्यापार रोखणारा कायदा सैल करावा असे मी चुकूनही म्हणणार नाही. पण मालकी, विक्री, वाहतूक यांतल्या एकाही बंधनाला हात न लावता, केवळ नमुना देण्यापुरती संरक्षित वाट सरकारला काढता येते. वनखात्याचा माणूस आणि शास्त्रज्ञ घरी येतात, भुकटी घेतात, शिंगावर क्रमांक टाकतात, नोंद करतात. त्यातून कायद्याचेही काम होईल, कारण आज अंधारात असलेली ट्रॉफी उजेडात येईल.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळ्याच बाजूने येतो. चीनमधले मिलू हरीण एकेकाळी रानातून पुरते नाहीसे झाले होते. इंग्लंडमधल्या वोबर्न ॲबीच्या बागेत ड्यूक ऑफ बेडफर्डने जमवलेल्या अठरा जनावरांपासून ते वाचले, १९८५पासून परत चीनला नेले, आणि आज ते हजारोंनी आहे. मग वैविध्याचा एवढा धाक कशाला? मिलूचे उदाहरण मलाही आशा देते, आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. पण जे वाचले त्यांचीच गोष्ट आपण ऐकतो. अशाच घसरणीनंतर जे कळप हळूहळू विरले, त्यांच्या गोष्टी कुणी सांगत बसत नाही. मिलूचे बरेच कळप कुंपणात, खाऊ-पिऊ घालून वाढवलेले आहेत. कान्हाच्या बारशिंग्याला वाघ, बिबट्या, रानकुत्री, वणवे आणि गावगुरांचे रोग यांच्यामध्ये जगायचे आहे.

आणि गवत? गवत नसेल तर जीनोम कुणाच्या उपयोगाचा, असे विचारणारे माझे मित्र आहेत, आणि त्यांच्याशी माझे भांडण नाही. बारशिंगा जवळजवळ केवळ गवतावर जगतो. त्याच्या पाडसांना लपायला उंच गवत लागते. कान्हात तो वाढला तो कुरणे परत आली म्हणून, आग आवरली म्हणून, सुरुवातीला वाघ-बिबट्यांपासून राखलेल्या कुंपणात माद्या निर्धास्त विणल्या म्हणून. सोंफसारखी गावे उठली, म्हणून त्यांच्या जागी कुरण उगवले. ती गावे बैगा-गोंडांची होती, आणि त्यांनी जे गमावले त्याचा हिशेब या यशात कधी नीट मांडला गेला नाही. म्हणून मला वाटते की, जीनोमच्या कामात त्यांची जागा नुसती लेंड्या वेचणाऱ्या रोजंदारांची असू नये. न्यूझीलंडमध्ये काकापो या उडता न येणाऱ्या पोपटाच्या जिवंत पक्ष्यांचे जीनोम वाचले, तेव्हा ती माहिती कशी वापरली जाईल यात तिथल्या नाय ताहू या माओरी समाजाला निर्णयाचा वाटा दिला गेला. आपल्याकडे २००२चा जैवविविधता कायदा आणि गावपातळीवरच्या जैवविविधता समित्या आहेत. त्या बहुतेक ठिकाणी कागदावरच आहेत हे दुर्दैव, पण चौकट आहे. बारशिंग्याच्या जीनोममधून उद्या कुणी काही कमावले, तर त्यातला वाटा कान्हाच्या कडेने राहणाऱ्या गावांना मिळेल, हे आधीच लिहून ठेवता येते. २०२४मध्ये कोलंबियातल्या काली शहरात भरलेल्या जैवविविधता परिषदेत जगभरच्या देशांनी जनुकीय माहितीच्या वापरातून निधी उभारायचे ठरवले, त्यात निदान निम्मा वाटा मूलवासी आणि स्थानिक समाजांकडे जावा असेही म्हटले. आपण हे मान्य करून आलो आहोत.

तेव्हा मागणी अशी आहे. पुढच्या कुठल्याही तुकडीच्या परवानगीपूर्वी कोणत्या कळपातून जनावरे घ्यायची, याचे जनुकीय कारण फायलीत लिहिलेले असावे. सातपुडा, बांधवगड आणि वनविहारात आधीच गेलेल्या जनावरांचे आणि तिथे जन्मलेल्या पाडसांचे नमुने वाचले जावेत. निष्कर्ष ठरलेल्या मुदतीत सगळ्यांना उपलब्ध व्हावेत, ते खात्याला अडचणीचे असले तरी. कुठल्या नव्या कळपाच्या मुळाशी फारच थोड्या माता आहेत असे निघाले, तर त्या जंगलात कान्हाच्या दुसऱ्या कुरणातून आणखी जनावरे न्यावी लागतील. त्या गाड्यांचा, बोम्याचा आणि त्यानंतरच्या देखरेखीचा खर्च आजच्या योजनेतच धरला पाहिजे.